दोन जिवांची एक गोळी

सकाळचे पावणेसहा. मोबाइल कोकलतो. डोळे न उघडताच हात उशाशी जातो, बाटलीचं झाकण फिरतं, इवलीशी पांढरी गोळी तळहातावर येते आणि पाण्याच्या दोन घोटांबरोबर पोटात जाते. मग पुन्हा पांघरूण डोक्यावर. गेली चार वर्षं माझा दिवस असाच सुरू होतो. चहाच्या आधी, ब्रशच्या आधी, नवऱ्याच्या घोरण्याच्या बॅकग्राउंड म्युझिकवर!

बरोबर ओळखलंत. थायरॉइड. हल्ली कुठल्याही ऑफिसच्या लेडीज रूममध्ये हा विषय काढून बघा. ‘अय्या, तुलाही?’ ‘हो ना, मला पंचाहत्तर. तुला किती?’ क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा डोस विचारला जातो. मीही या क्लबची जुनी मेंबर. त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या वर्षी प्रेग्नन्सी टेस्टवर दोन गुलाबी रेघा उमटल्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत ही समजूत पार धुऊन निघाली. आज त्याचीच गोष्ट सांगते. थोडी लाज वाटतेय, पण सांगते.

आधी थोडा फ्लॅशबॅक. मी चोवीस वर्षांची होते. एका दैनिकाच्या पुरवणीत नोकरी. सकाळी अकराला ऑफिस, रात्री साडेदहाला घर. दुपारी जेवले की कीबोर्डवर डोकं टेकायचं. बाथरूमच्या जाळीत रोज केसांचा गुंता. मे महिन्यातल्या पुण्यात मला एसीखाली स्वेटर लागायचा. वजन वाढत होतं, पण ते वडापावच्या खात्यावर टाकलं होतं. दमणूक? ती तर आपल्या पिढीचं आडनावच आहे! शेवटी आईनं जबरदस्तीनं रक्त तपासायला लावलं. टीएसएच निघाला १४. निदान झालं, हाशिमोटो थायरॉइडायटिस. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. यात आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा गळ्यातल्या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते.

तुम्हीही रिपोर्ट बघून गोंधळला असाल. टीएसएच वाढलाय, मग थायरॉइड ‘कमी’ कसा? सोप्पंय. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी म्हणजे तुमचा बॉस आणि थायरॉइड म्हणजे कामाला बसलेला ज्युनिअर. ज्युनिअर काम करेनासा झाला की बॉसचे रिमाइंडर मेल वाढतात. टीएसएच म्हणजे ते रिमाइंडर. आकडा जितका मोठा, तितकी बॉसची ओरड जास्त. मग रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. काही महिन्यांत टीएसएच २.१ वर आला. बॉस खूश, मी खूश, केसही बऱ्यापैकी डोक्यावर. हळूहळू मी तो आजार विसरूनच गेले.

आणि मग त्या दोन रेघा.

‘आता औषधं बंद हं!’

पहिला फोन आईला, दुसरा सांगलीला सासूबाईंना. तिकडे आनंदीआनंद. अर्ध्या तासात वहिनी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांपर्यंत बातमी पोचली. आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. पपई नको. स्कूटर नको. लॅपटॉप मांडीवर नको. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आणि एक सांगते. पहिले तीन महिने कसल्या म्हणजे कसल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बाळाला बाधतं. आम्ही तर साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नव्हतो.’

आता खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात चूक काय होतं? प्रेग्नन्सीत मनानं औषधं घेऊ नयेत, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्यांना माझ्या थायरॉइडच्या गोळीबद्दल माहीतही नव्हतं. ते मी लग्नाआधी सांगितलं नव्हतं आणि लग्नानंतर सांगायचं राहून गेलं. (‘मुलीला काही आहे का’ या प्रश्नाची धास्ती काय असते, हे मुलींना वेगळं सांगायला नको.) चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला अलार्म वाजला, बाटली हातात घेतली आणि मी थांबले. वाटलं, एवढुशा जिवाला कशाला हे केमिकल? डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी होती. तेव्हा विचारू, तोवर नको. झाकण परत लावून टाकलं.

मी पत्रकार आहे. मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकली जाते, क्रॉसचेक कर. नगरसेवकाचं वाक्य छापण्याआधी मी तीन फोन करते. पण स्वतःची रोजची गोळी बंद करताना मी एकही फोन केला नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, ‘घेतलीस ना गं गोळी?’ दोन्ही वेळा मी ‘हो रे’ म्हटलं.

असे सोळा दिवस गेले. मला काहीच त्रास झाला नाही. नंतर कळलं, तीच तर गंमत आहे. ही गोळी शरीरातून सावकाश उतरते. रक्तातलं निम्मं औषध संपायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे बंद केल्या केल्या काही जाणवत नाही. आणि जे जाणवतं, थकवा, झोप, बद्धकोष्ठता, ते सगळं प्रेग्नन्सीच्याच खात्यावर जमा होतं. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी की आरशात बघून काही ओळखता येत नाही. रक्ताचा रिपोर्टच सांगतो.

९.४

सातव्या आठवड्यात डॉक्टर मॅडमकडे गेलो. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर एक ठिपका लुकलुकत होता. ते त्याचे ठोके! नवऱ्याचे डोळे पाणावले, मी त्याला चिडवलं आणि स्वतःच रडले. मग मॅडमनी जुनी फाइल उघडली. ‘थायरॉइडची गोळी चालू आहे ना? रोज घेतेस?’

नवरा शेजारी बसलेला. मी म्हटलं, ‘हो.’

त्यांनी टीएसएच आणि फ्री टी फोर या तपासण्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच ९.४. फ्री टी फोर खालच्या मर्यादेला जेमतेम टेकलेला. तासाभरात मॅडमचा फोन, ‘पन्नास घेऊन हा आकडा म्हणजे डोस बराच कमी पडतोय. उद्यापासून शंभर घे. महिन्यानं परत तपासू.’

मी ‘हो मॅडम’ म्हणून फोन ठेवला. आणि मग पोटात गोळाच आला. मॅडमनी हिशोब केला होता तो मी सांगितलेल्या माहितीवर. आणि माहितीच खोटी होती.

ती रात्र मी विसरणार नाही. दोन वाजता सोफ्यावर बसून मोबाइलवर वाचत होते. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक अभ्यास समोर आला. गरोदरपणात ज्यांचा थायरॉइड कमी होता आणि ज्यांना उपचार मिळाले नाहीत, अशा ४८ बायकांच्या मुलांचा बुद्ध्यांक, सात ते नऊ वर्षांच्या वयात मोजला तेव्हा, इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला होता. सात! मी तो आकडा परत परत वाचत होते. सोळा दिवसांचे किती गुण होतात, असलं वेडं गणित डोक्यात चालू होतं. नवरा उठून बाहेर आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो पाच मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, ‘सकाळी मॅडमना फोन कर. मी बाजूला बसतो.’

सकाळी नऊला फोन केला. आवाज कापत होता. ‘मॅडम, मी काल खोटं बोलले. सोळा दिवस गोळी घेतलेलीच नाही.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंस. नाहीतर तुला उगाचच जास्त औषध गेलं असतं. जास्तही चांगलं नसतं गं. शंभर नको, पंचाहत्तरनं सुरू कर. आणि दुपारी ये, जरा बोलू.’

सोसायटीची टाकी

दुपारी त्यांनी जे समजावलं, ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगते.

‘तुमच्या सोसायटीत नवा भाडेकरू येतो,’ मॅडम म्हणाल्या, ‘पण त्याचं नळकनेक्शन अजून जोडलेलं नाही. तोवर तो पाणी कुठून घेणार? तुझ्याच टाकीतून.’ बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास हार्मोन बनवायला शिकते, पण स्वतःपुरतं पुरेसं बनवायला साधारण अठरा-वीस आठवडे लागतात. तोपर्यंत, आणि नेमकं याच काळात त्याच्या मेंदूचं पायाभूत बांधकाम चालू असतं, ते आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं. शिवाय वाढत्या इस्ट्रोजेनमुळे हार्मोनला धरून ठेवणारं एक प्रथिन रक्तात वाढतं, त्यामुळे मोकळं हार्मोन कमी पडू लागतं. ज्यांची ग्रंथी धडधाकट असते, त्यांच्याकडे टाकी आपोआप जास्त भरली जाते. माझ्यासारखीची मोटारच कमकुवत. तिला बाहेरून टँकर मागवावा लागतो. टँकर म्हणजे ही गोळी.

म्हणजे मी काय केलं होतं? पाणी वाढवायच्या ऐन वेळी टँकरच बंद केला होता!

आणि ‘केमिकल’चं म्हणाल, तर गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे आपल्या ग्रंथीत तयार होणाऱ्या टी फोर हार्मोनसारखंच हुबेहूब असतं. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरनं एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून बरं केलं होतं. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. म्हणजे मामला जुना आहे आणि पारखलेला आहे. ही गोळी बाहेरचं काही आत टाकत नाही, जे कमी आहे तेवढं भरून काढते. प्रेग्नन्सीत ती चालते, आणि अंगावर दूध पाजतानाही चालते.

‘पण मॅडम, ते सात गुण?’ मी विचारलंच.

‘रात्री दोनला वाचलंस ना?’ त्या हसल्या. मग त्यांनी पुढचे अभ्यासही सांगितले. ज्यांचा थायरॉइड थोडासाच बिघडलेला होता, अशा गरोदर बायकांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ आणि २०१७ साली आले. गोळी दिलेल्या आणि न दिलेल्या आयांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात त्यात फरक दिसला नाही. अर्थात या बायकांना गोळी सुरू झाली ती पहिली तिमाही उलटून गेल्यावर, आणि त्यांचा बिघाड सौम्य होता. त्यामुळे ज्यांचा आजार आधीच ठरलेला आहे त्यांनी गोळी सोडावी, असा याचा अर्थ निघत नाही. उपचाराविना राहिलेल्या ठसठशीत हायपोथायरॉइडिझममध्ये गर्भपात, रक्तदाब वाढणं, वेळेआधी प्रसूती, बाळाचं वजन कमी भरणं असे धोके वाढतात, यावर डॉक्टरांचं एकमत आहे. ‘म्हणजे बघ,’ मॅडम म्हणाल्या, ‘रात्रभर जागण्याइतकं हे भयंकर नाही. आणि गोळी बंद करण्याइतकं किरकोळही नाही.’

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

आकड्यांचा खेळ

आता महत्त्वाचा मुद्दा. मी गोळी बंद केली नसती, तरीसुद्धा माझे ५० बहुतेक पुरले नसते. २००४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी आधीपासून गोळी घेणाऱ्या बायकांच्या प्रेग्नन्सीवर बारकाईनं लक्ष ठेवलं होतं. बहुतेकींचा डोस वाढवावा लागला, गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढताना दिसली आणि निम्मी प्रेग्नन्सी होईपर्यंत ती सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली. पाचवा आठवडा म्हणजे काय, लक्षात येतंय ना? पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. आपल्यातल्या कितीतरी जणी तेव्हा ‘स्ट्रेसमुळे लेट झालं असेल’ म्हणत असतात.

म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की गोळी घेणाऱ्या बाईनं प्रेग्नन्सीची चाहूल लागताच डोस वीस ते तीस टक्के वाढवावा, आणि त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. लगोलग डॉक्टरांना कळवायचं. मग प्रेग्नन्सी निम्मी होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. टीएसएच साधारण २.५ च्या खाली ठेवायचा. पण हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. बाळाचा विचार चालू असेल तेव्हाच विचारा, ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मी पहिल्या दिवशी काय करू?’ उत्तर फ्रिजवर चिकटवा. माझ्याकडे हे उत्तर असतं, तर सांगलीच्या फोनचा काही परिणाम झाला नसता.

माझा स्कोअर असा : पंचाहत्तरवर चार आठवड्यांनी ३.६. मग ८८ ची गोळी. पुढच्या वेळी १.८. तिसाव्या आठवड्यात २.०. (हे माझे आकडे आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवणार, लेडीज रूम नाही!)

टाइमटेबल नावाची कसरत

गोळी घेणं सोपं. ती नीट पोटात मुरू देणं कठीण. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग किमान अर्धा ते एक तास काही नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही. पाचव्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या. साडेपाचला उठून त्यांचा आलं घातलेला चहा तयार, आणि सून तासभर त्याच्याकडे नुसती बघतेय. त्यांना वाटलं, सुनेला आपला चहा आवडत नाही. शेवटी त्यांनाही सगळं सांगितलं. आजाराचं, सोळा दिवसांचं, सगळंच. त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अगं, मला माहीत असतं तर मी असं म्हटलं असतं का?’ बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवसापासून चहा पावणेसातला.

त्याआधी पहिल्या तिमाहीत सकाळच्या उलट्यांनी वेगळाच वैताग आणला होता. गोळी आत, पाच मिनिटांत बाहेर. मग मॅडमनीच मार्ग काढला. काही आठवडे रात्रीचं जेवण आठला आणि गोळी साडेअकराला, पोट रिकामं झाल्यावर. चाललं.

खरी कसरत सुरू झाली चौथ्या महिन्यात, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आल्यावर. या दोन्ही थायरॉइडच्या गोळीला आतड्यात पकडून ठेवतात. म्हणून मध्ये चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांशीही पटवून घेत नाहीत, त्यांच्यात दोन तास हवेत. हिंजवडीतल्या शिफ्टचं टाइमटेबल बनवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं एक्सेल शीट काढली. पावणेसहा, थायरॉइड. पावणेसात, चहा. दहा, नाश्ता आणि कॅल्शियम. दोन, जेवण आणि लोह, सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर. रात्री नऊ, जेवण आणि दुसरं कॅल्शियम. दिसायला भयंकर, पण आठवड्यात सवय झाली.

अजून दोन गोष्टी माझ्या घरातच लपलेल्या निघाल्या. एक, आमच्या डायनिंग टेबलवरचं गुलाबी मीठ. काचेच्या ग्राइंडरमधलं, एकदम स्टायलिश. सगळ्या स्वयंपाकात आम्ही तेच वापरत होतो. त्यात आयोडीन भरवशाचं नसतं. आणि थायरॉइड हार्मोन बनतं ते आयोडीनपासूनच. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझी ग्रंथी आळशी असली तरी बाळाला पुढे स्वतःची ग्रंथी चालवायला कच्चा माल माझ्याकडूनच मिळणार. आपल्याकडे १९६२ पासून सरकारचा गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम आहे. साध्या आयोडीनयुक्त मिठात घरी येईपर्यंत किमान १५ पीपीएम आयोडीन असावं, असा नियम आहे. तेव्हा ग्राइंडर शोकेसमध्ये, मीठ साधं. डबा झाकलेला, शेगडीपासून लांब. पण म्हणून आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत. जास्त आयोडीनही त्रास देतं.

दुसरी गोष्ट, केसांसाठीच्या बायोटिनच्या गमीज. बायोटिनमुळे काही लॅबमधल्या थायरॉइडच्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात. मी बाटलीच देऊन टाकली. आणि कोबी-फ्लॉवर? ‘थायरॉइडला कोबी विष’ असं ज्या कुणी सांगितलं असेल त्यांना सांगा, शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

टाचेतले थेंब

फ्रीलान्सरला मॅटर्निटी लीव्ह वगैरे काही नसतं. शेवटचा लेख मी अडतिसाव्या आठवड्यात पाठवला. (त्याचा चेक अजून यायचाय. असो.) एकोणचाळिसाव्या आठवड्यात आमची मुलगी आली. तिसऱ्या दिवशी नर्सनं तिच्या टाचेला छोटीशी सुई टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतले. जन्मतःच थायरॉइड कमी आहे का, ते बघायची ही तपासणी. ती आपोआप सगळीकडे होत नाही, तेव्हा डिलिव्हरीच्या आधीच विचारून ठेवा. वेळेत कळलं तर उपचार सोपा असतो आणि उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही.

तो रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत ते सोळा दिवस मला पुन्हा आठवले. मॅडमनी समजावलं होतं, की या तपासणीचा तुझ्या चुकलेल्या गोळ्यांशी संबंध नाही. डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र आधी मॅडमना मेसेज केला.

डिलिव्हरीनंतर माझा डोस परत पन्नासवर आणला. सहा आठवड्यांनी तपासलं, २.३. आता मुलगी चार महिन्यांची आहे. हसते, मान धरते, सगळ्यांकडे टकामका बघते. सगळं छान आहे. तरी त्या सोळा दिवसांनी काहीच झालं नाही ना, हे मला कुणी स्टॅम्प मारून देणार नाही. ते माझ्याजवळ राहणार. मला त्याचं एवढंच करता येतं, की ते तुमच्यापैकी एखादीच्या वाट्याला येऊ नये म्हणून इथे लिहिता येतं.

ज्यांना थायरॉइड नाही, किंवा आहे की नाही माहीत नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१४ साली गरोदर स्त्रियांच्या थायरॉइड तपासणीसाठी सूचना काढल्या. त्यानुसार जोखीम असलेल्यांची तपासणी व्हायला हवी. वय तिशीच्या पुढे, घरात कुणाला थायरॉइड, आधी गर्भपात किंवा वेळेआधी प्रसूती, वजन जास्त, टाइप वन डायबेटिस, मूल राहायला उशीर. यातलं काही लागू होत असेल तर पहिल्याच भेटीत टीएसएच सुचवा. वीकेंडच्या एका पिझ्झाच्या पैशात होते ही तपासणी.

फ्रिजवर चिकटवा :

• बाळाचा प्लॅन असेल तर आधी टीएसएच तपासा, आणि पहिल्या दिवशी डोस काय करायचा ते डॉक्टरांना आत्ताच विचारा.
• टेस्ट पॉझिटिव्ह? गोळी बंद नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अपॉइंटमेंटची वाट बघू नका.
• गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासानं. लोह-कॅल्शियम चार तासांनी.
• निम्म्या प्रेग्नन्सीपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच.
• साधं आयोडीनयुक्त मीठ.
• गोळी चुकली असेल, बंद केली असेल, तर डॉक्टरांना खरं सांगा. डोसचं गणित तुमच्या उत्तरावरच मांडलं जातं.

आणि कुणी प्रेमानं ‘गोळ्या बंद कर हं’ म्हणालं, तर भांडू नका. ‘डॉक्टरांना विचारते’ म्हणा. आणि खरंच विचारा.

चला, थांबते. पावणेसहाचा अलार्म आता बंद करून टाकलाय. ते काम हल्ली पाळण्यातली बाई करते, तेही पाच वाजताच. गोळी मात्र ठरल्या वेळीच. बाटलीत अजून एकसष्ट उरल्यात, मोजल्यात मी.